नीलिमामावशी आणि लिर राजाची मुलं

ओकव्हिलमध्ये केर स्ट्रीट नावाचा एक रस्ता आहे. हे नाव पहिल्यांदा ऐकून हसला नाही असा मराठी माणूस त्या गावात नसेल. नीलिमा कर्णिकचं दुकान त्याच रस्त्यावर होतं, आणि पत्ता सांगताना वीस वर्षं ती तोच विनोद करत आली होती. "रस्ता केराचा असेल, पण माझ्या दुकानात दोरासुद्धा जमिनीवर सापडायचा नाही."

ते खरंही होतं. दुकान म्हणजे एक लांबट खोली. काचेवर 'अल्टरेशन्स' एवढंच लिहिलेलं. आत दोन मशिनं, इस्त्रीचं टेबल आणि कपडे बदलायला पडद्याआडचा कोपरा. पँटी आखूड करणं, जॅकेटच्या चेनी बदलणं, जून जवळ आला की प्रॉमला, शाळेच्या निरोपाच्या नाचाला, जाणाऱ्या मुलींचे ड्रेस कमरेत घेणं, अशी कामं. वय त्रेसष्ट. नवरा, दिलीप, जाऊन चार वर्षं झाली होती. मुलं म्हणायची, दुकान बंद कर आता, हात दुखतात तुझे. ती म्हणायची, हात घरीही दुखतातच.

मुलं तीन. थोरली ऊर्मी जवळच बर्लिंग्टनला फिजिओथेरपिस्ट होती, मधला शंतनु कॅलगरीला, धाकटा मिलिंद टोरांटोत एका कॉन्डो फ्लॅटमध्ये. त्यातला मिलिंद तिला आई म्हणायचा आणि ऊर्मी-शंतनु मावशी. नव्या ओळखीची माणसं गोंधळायची. कुणी विचारलंच तर ती म्हणायची, "दोन्ही बरोबर आहे," आणि चहा टाकायला उठायची.

खरोखरच दोन्ही बरोबर होतं. मुलांची आई मृणालिनी, नीलिमाची सहा वर्षांनी मोठी बहीण. लग्न करून १९६९ साली ती कॅनडात आली. दिलीप हॅमिल्टनच्या पोलाद कारखान्यात इंजिनिअर होता. दहा वर्षांत तीन मुलं झाली, तळ्याकाठच्या गावात घर झालं, आणि १९७९च्या मे महिन्यात एका सकाळी मृणालिनी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या कोसळली. डोक्यातली रक्तवाहिनी फुटली होती. बत्तीस वर्षांची होती.

शाळांना सुट्टी लागल्यावर दिलीप मुलांना घेऊन अकोल्याला सासुरवाडीला आला. नीलिमा तेव्हा तिथल्या मुलींच्या शाळेत शिवणकाम शिकवत होती. दोघी बहिणींचे चेहरे वेगळे होते, पण आवाज हुबेहूब एक. मृणालिनीच्या लग्नाआधी दाराबाहेरून कुणी हाक मारली आणि आतून "आले" असं उत्तर गेलं, तर कोण येणार ते त्यांच्या वडिलांना, बापूंनासुद्धा सांगता यायचं नाही. ती चौघं अंगणात शिरताच नीलिमा म्हणाली, "या, आत या," आणि दोन वर्षांचा मिलिंद बापाच्या कडेवरून तिच्याकडे असा झेपावला की दिलीपचा तोल गेला. ऊर्मी मात्र नऊ वर्षांची होती. तिने दोन्ही कानांवर हात ठेवले.

पुढे काय ठरलं ते अशा घरांतून ठरतं तसंच ठरलं. बापू पोस्टमास्तर होऊन निवृत्त झालेले, मोजकं बोलणारे. ते म्हणाले, "नीलू, मी सांगत नाही, विचारतोय. नाही म्हणालीस तर पुन्हा विषय काढणार नाही." तिने तीन दिवस घेतले. तिसऱ्या दिवशी मिलिंद तिच्या मांडीवर झोपला होता. तिची बांगडी त्याने मुठीत धरली होती, आणि ती सोडवून घ्यायचं तिच्या जिवावर आलं. डिसेंबरात दिलीपशी नोंदणी पद्धतीने लग्न झालं आणि १९८०च्या फेब्रुवारीत ती बर्फात उतरली.

ज्या माणसाला दहा वर्षं भाऊजी म्हटलं त्याला आता काय म्हणायचं, हे तिला सहा महिने कळलं नाही. ती त्याला हाकच मारायची नाही. तो दुसऱ्या खोलीत असेल तर तिथवर चालत जायची.

हे सगळं मागे पडून पस्तीस वर्षं झाली होती. २०१६च्या जानेवारीत एका दुपारी मॉरीन नावाची बाई दुकानात आली आणि इथून या गोष्टीला सुरुवात होते.

मॉरीनची आणि तिची ओळख तशी जुनी. मॉरीन शहात्तर वर्षांची, एका शाळेच्या ऑफिसात आयुष्यभर काम केलेली. तिची आजी आयर्लंडमधल्या मेयो परगण्यातून ऑटावा नदीच्या खोऱ्यात आली होती. आपलं महाराष्ट्र मंडळ असतं तसं तिचं आयरिश मंडळ होतं. तीच कार्यकारिणी, तीच खुर्च्यांची मांडामांड, तेच रुसवेफुगवे. ऊर्मीची दहा वर्षांची मुलगी निधी मैत्रिणीच्या नादाने त्या मंडळाच्या क्लासला आयरिश नाच शिकायला जायची. मार्चमध्ये सेंट पॅट्रिकच्या सणाला मुलं एक नाटुकलं करणार होती, आणि मॉरीन पोशाखांसाठी आली होती.

"चार हंस हवेत," मॉरीन म्हणाली. "आणि एका सावत्र आईचा झगा. हिरवा. तुझी निधी मोठा हंस आहे, फिनूला. गोष्ट सांगितली का तिने तुला?"

"ती मला कुठे काय सांगते! मी मराठीत विचारते, ती इंग्लिशमध्ये 'फाइन' म्हणते."

"मग ऐक. गोष्ट माहीत नसेल तर पंख नीट होणार नाहीत."

निधीचं माप आधीच घेतलेलं होतं. नीलिमाने पांढरं कापड टेबलावर पसरलं, टाचण्या ओठांत धरल्या आणि मॉरीन स्टुलावर बसून सांगू लागली. फार फार वर्षांपूर्वी आयर्लंडवर देवांच्या कुळाचं राज्य होतं. तुहा दे दानन, म्हणजे दानूची लेकरं.

"आमच्याकडेही दनू आहे," नीलिमा टाचण्यांमधून म्हणाली. "पण तिची लेकरं म्हणजे दानव."

"म्हणजे आमच्या देवांचं तुमच्याकडे काही खरं नाही," मॉरीन हसली.

तर त्या देवांनी एकदा आपला राजा निवडला. लिरला वाटत होतं आपण होऊ, पण झाला बॉव्ह. लिर रुसून घरी जाऊन बसला. पुढे लिरची बायको वारली तेव्हा बॉव्हने मोठ्या मनाने त्याला बोलावलं. माझ्या घरी वाढलेल्या तीन बहिणी आहेत, तुला आवडेल तिच्याशी लग्न कर, म्हणाला. लिरने थोरलीला निवडलं. तिचं नाव ईव्ह. तिला आधी एक जुळं झालं, मुलगी फिनूला आणि मुलगा एय. मग दुसरं जुळं, फियाक्रा आणि कॉन. पण दुसऱ्या बाळंतपणात ईव्ह गेली. लिर दुःखाने वेडापिसा झाला. मुलं आईवाचून कशी राहणार? तेव्हा बॉव्हने तिच्या पाठची बहीण दिली, ईफा.

नीलिमाने टाचण्या ओठांतून काढल्या. "म्हणजे मुलांची मावशी."

"काय म्हणालीस?"

"मावशी. आईची बहीण. आमच्याकडे तिला वेगळा शब्द आहे."

"बरोबर, तीच. सुरुवातीला तिचाही त्यांच्यावर जीव होता. पण लिरचं सगळं चित्त मुलांपाशी. पहाटे उठून त्यांच्या बिछान्यात जाऊन झोपायचा. हिच्या मनात विष कालवलं गेलं. दुखण्याचं सोंग करून ती वर्षभर अंथरुणाला खिळून राहिली, आणि उठली ती मनाशी ठरवूनच. मुलांना रथात घालून तळ्यावर नेलं, पाण्यात उतरा म्हणाली, आणि मंतरलेल्या काठीने चौघांचे हंस केले. नऊशे वर्षांसाठी."

"नऊशे?"

"तीनशे त्या तळ्यावर, तीनशे उत्तरेच्या समुद्रावर आणि तीनशे पश्चिमेला. सगळ्यांत हाल त्या उत्तरेच्या समुद्रावर. वादळ, बर्फ. तिथे फिनूलाने भावांना सांभाळलं. कॉनला उजव्या पंखाखाली घेतलं, फियाक्राला डाव्या, आणि एयला छातीच्या पिसांत. म्हणून म्हणते, निधीचे पंख मोठे कर. तीन मुलं मावली पाहिजेत."

नीलिमाने कापडाची घडी घातली. "आज इथपर्यंतच पुरे," ती म्हणाली. "मला जरा लवकर घरी जायचंय."

मॉरीनला नवल वाटलं, कारण नीलिमा कधी लवकर घरी जायची नाही. पण ती कोट चढवून निघाली.

नीलिमा घरी गेलीच नाही. दारावरची पाटी 'बंद'कडे उलटी करून दुकानातच बसून राहिली. जी गोष्ट तिने कुणालाही सांगितली नव्हती, नवऱ्यालाही नाही, ती गोष्ट या बाईने आत्ता समोर बसून सांगितली होती. फरक इतकाच की त्यात हंस होते.

ते साल होतं १९८१, महिना जानेवारी. तिला येऊन वर्ष होत आलं होतं. भट्टीत काही बिघाड झाल्याने दिलीप दोन दिवस कारखान्यातच होता. तिच्याजवळचा कोट तिथल्या थंडीपुढे म्हणजे सदऱ्यासारखा होता, आणि कपाटात मृणालिनीचा मरून रंगाचा जाड कोट टांगलेला होता. दिलीपच म्हणाला होता, घाल की, पडूनच आहे. नीलिमा बहिणीपेक्षा बुटकी. तिने दुपारी कोट उतरवला, खालची किनार आणि बाह्या आत दुमडून शिवल्या, आणि आरशासमोर घालून पाहिला. तेवढ्यात मुलं शाळेतून आली.

शंतनु किंचाळला. सात वर्षांचा मुलगा, तो कोटाला लोंबकळून ओढू लागला. ऊर्मी दारातच उभी राहिली, पाठीवर दप्तर. तिने इंग्लिशमध्ये एकच वाक्य म्हटलं. त्याचा अर्थ, तू चोर आहेस. वर्षभराचं सगळं त्या वाक्यावर येऊन आदळलं. ताटात तसंच टाकलेलं जेवण, तिच्या आवाजावर कानांवर जाणारे हात, घरातली प्रत्येक वस्तू दुसऱ्या कुणाची. मिलिंदला काही कळलं नव्हतं. ताई म्हणाली म्हणून तोही हसत म्हणाला, चोर, चोर.

नीलिमाने तिघांना दंडाला धरून मागच्या डेकवर, घरामागच्या उघड्या लाकडी ओट्यावर, ढकललं आणि दार लावून घेतलं. कडी घातली. दाराला पाठ टेकून उभी राहिली. शेगडीवरच्या घड्याळात चार वीस झाले होते. बाहेर शून्याच्या खाली पंधरा. थोरल्या दोघांच्या अंगावर जॅकेटं होती. मिलिंद घरातलाच, त्याच्या अंगात साधा स्वेटर होता. हे तिला माहीत होतं. माहीत असूनही ती उभी राहिली.

दार उघडलं तेव्हा चार एकतीस झाले होते. ऊर्मीने स्वतःच्या जॅकेटची चेन उघडून मिलिंदला छातीशी आत घेतला होता, शंतनुला बगलेत धरला होता, आणि वाऱ्याकडे स्वतःची पाठ केली होती. ती रडत नव्हती.

त्यानंतर गरम दूध झालं, पायांना शेक झाला. दिलीप आला. नीलिमा दोन दिवस वाट पाहत होती, आता मुलगी सांगेल, आता सांगेल. ऊर्मीने सांगितलं नाही. त्या दिवशी नाही, त्या वर्षी नाही, बाप मरेपर्यंत नाही.

तीन आठवड्यांत हंसांचे चारही पोशाख झाले. जुन्या पांढऱ्या चादरींच्या पट्ट्या कापून तिने एकावर एक पिसं बसवली, खांद्याशी बारीक, खाली लांब. फिनूलाचे पंख तर असे उतरले की शेजारच्या पिझ्झाच्या दुकानातली माणसं काचेतून बघून जायची. हिरवा झगा मात्र होईना. एकदा बेतला, तो गळ्यात चुकला. उसवला. पुन्हा शिवला, तो तिला आवडला नाही. मॉरीन चौकशीला आली तेव्हा झगा टेबलावर तसाच पडला होता.

"मॉरीन, त्या ईफाचं पुढे काय झालं?"

"बॉव्हने तिला विचारलं, जगात तुला सर्वांत भय कशाचं वाटतं? ती म्हणाली, हवेत भटकणारी पिशाच्चं असतात त्यांचं. मग त्याने तिला तेच केलं. अजून भटकते म्हणतात."

"तिला केल्याचं वाईट वाटलं नाही?"

"वाटलं ना. तिथेच, तळ्यावरच. फिनूला तिला म्हणाली, आमच्यावर अशी का उलटलीस? तेव्हा ईफाला भान आलं. शाप तर परत घेता येईना. म्हणून तिने त्यांची वाचा त्यांच्याकडे ठेवली. शरीर हंसाचं, पण बोलणं माणसाचं, आणि जगात कुणाचं नसेल असं गाणं. पण मुलांच्या नाटकातून तो भाग मी काढला. वीस मिनिटांत बसवायचंय."

नीलिमा झग्याची शिवण बोटाने दाबत राहिली. "तो ठेवता येईल का?"

"का गं?"

"तेवढं तिने केलं, म्हणून."

मॉरीनने तिच्याकडे नीट पाहिलं. आयुष्यभर शाळेच्या ऑफिसात बसलेली बाई, न विचारता समजून घ्यायची तिला सवय होती. "माझी आजी," ती सावकाश म्हणाली, "हिवाळ्यात वारा चिमणीतून ओरडू लागला की मागचं दार बोटभर उघडून ठेवायची. म्हणायची, ईफा असेल, जरा ऊब घेऊन जाईल. आजोबा सरपणाच्या नावाने ओरडायचे. ठेवते तो भाग. दोनच तर वाक्यं आहेत."

हिरवा झगा दुसऱ्या दिवशी एका बैठकीत झाला.

प्रयोग शनिवारी दुपारी होता. हॉल भरला होता. आयरिश आज्या होत्या, तशाच निधीच्या क्लासातल्या मुलींच्या पंजाबी आणि चिनी आज्याही होत्या. नीलिमा सुईदोरा घेऊन पडद्याच्या कडेला उभी. ईफाचं काम करणारी तेरा वर्षांची मुलगी नवी दोन वाक्यं विसरेल अशी तिला धास्ती होती. पण ती विसरली नाही. काठी खाली टाकून म्हणाली, "तुमचा आवाज मी घेऊ शकत नाही. तो तुमच्यापाशीच राहू दे." मग निळ्या कापडाचा समुद्र हलू लागला, मागे कुणीतरी पत्रा वाजवून वादळ केलं, आणि निधीने पंख पसरून तिन्ही भावांना आत घेतलं. तिघं मावले.

नीलिमाने पडद्याआडून ऊर्मीकडे पाहिलं. ऊर्मी तिसऱ्या रांगेत होती. सगळे आपापल्या मुलांचे फोटो काढत होते आणि तिचा फोन मांडीवर पडलेला होता.

प्रयोगानंतर निधी मैत्रिणींबरोबर पिझ्झा खायला गेली. ऊर्मी मावशीला घरी सोडायला निघाली. पार्किंगमध्ये गाडी सुरू केली, पण गिअर टाकला नाही.

"मावशी, ते तसं उभं राहायला निधीला कुणी शिकवलं?"

"मॉरीनने. गोष्टीतच तसं आहे."

"ओके. मला वाटलं, तू."

गाडीचा हीटर घुमत होता. नीलिमा म्हणाली, "ऊर्मी, मला तुला एक विचारायचंय. पस्तीस वर्षं विचारायचंय."

"डेक?" ऊर्मी म्हणाली.

एवढा एकच शब्द. नीलिमाने मान हलवली. मग जे बोलायचं ठरवलं होतं ते सगळं विसरून ती म्हणाली, "अकरा मिनिटं. मी घड्याळ बघितलं होतं. त्याच्या अंगात नुसता स्वेटर होता, मला माहीत होतं. माझं चुकलं, बाळा. तेव्हाच म्हणायला हवं होतं."

ऊर्मी समोर पाहत होती. "आय नो. आणि मी खोटं नाही बोलणार, मावशी. मला तुझी भीती वाटायची. आठवीपर्यंत. दर विंटरला मी वाट बघायचे, आता पुन्हा करशील. मिलिंदला घरातसुद्धा मोजे घालायला लावायचे, आठवतं?"

"आठवतं. मला वाटायचं, तुला त्याची हौस आहे."

"तू पुन्हा नाही केलंस. मी वाट बघत राहिले आणि ते आलंच नाही. मग हळूहळू वाट बघायचं विसरले."

"तू बाबांना का नाही सांगितलंस?"

ऊर्मीने विचार केला. "दोन कारणं. एक म्हणजे, सांगितलं असतं तर त्यांनी तुला परत पाठवलं असतं. मग घरी कोण? मी दहा वर्षांची होते, पण तेवढं मला कळत होतं. शंतनुच्या डब्यात काय द्यायचं ते मला येत नव्हतं." ती थोडं हसली. "आणि दुसरं, तुला दार उघडलेलं आठवतंय का? तू नुसत्या सॉक्सवर बाहेर आलीस. बर्फात. तिघांना उचलायला बघत होतीस, एकदम तिघांना, आणि घसरून पडलीस. तुझा गुडघा फुटला होता."

नीलिमाला पडलेलं आठवत नव्हतं. गुडघ्यावर वण होता, पण तो अकोल्याचा असावा असंच ती धरून चालली होती.

"आणि सकाळी कोट कपाटात होता," ऊर्मी म्हणाली. "मी हात लावून बघितला. तू सगळी शिलाई उसवली होतीस. तो सगळा विंटर तू त्या पातळ कोटात फिरलीस. ते मी रोज बघत होते. मला वाईट वाटायचं आणि रागही यायचा, दोन्ही. पण सॉरी कसं म्हणायचं ते मलाही येत नव्हतं. मी तुला चोर म्हणाले होते."

नीलिमाने तिचा हात धरला. तिच्या पिढीच्या माणसांना घरच्यांचे आभार मानता येत नाहीत, शब्द तोंडात परके वाटतात. तरी ती म्हणाली, "तू मला राहू दिलंस. माझं सगळं आयुष्य, हे घर, दुकान, ही नातवंडं, सगळं तू गप्प राहिलीस म्हणून मिळालं. दहा वर्षांच्या पोरीने दिलं मला ते. कसं फेडू गं?"

"काय मावशी, टू मच," ऊर्मी म्हणाली. पण हात सोडवून घेतला नाही. मग म्हणाली, "तुझा आवाज. आधी सहन व्हायचा नाही. नंतर, कॉलेजला वगैरे गेल्यावर, मी उगाच फोन करायचे तुला. काही काम नसताना. तो ऐकायला. आई कशी बोलायची ते मला एरवी आठवलंच नसतं."

रोज रात्री न चुकता येणारे ते फोन नीलिमाला आठवले. ग्रोसरी काय आणली, भाजी काय केली, असले बिनकामाचे. तिला तेव्हा वाटायचं, पोरगी एकटी पडलीय. ती रडू लागली, आणि हे रडणं कसलं आहे ते तिचं तिला पक्कं ठाऊक होतं. बहिणीने जाताना काहीच ठेवलं नाही असं तिला वाटत आलं होतं. आणि बहिणीची सगळ्यांत मोठी ठेव पस्तीस वर्षं तिच्याच गळ्यात होती, मुलीपर्यंत पोचतही होती.

तीन आठवड्यांनी गुढीपाडवा होता. नेमका शुक्रवार आला, म्हणून शंतनु कामासाठी टोरांटोला आला होता तो राहिला, मिलिंदही आला. जेवणं झाल्यावर नीलिमाने ऊर्मीकडे पाहिलं, ऊर्मीने मान डोलावली, आणि नीलिमाने दोघा मुलांना डेकची गोष्ट सांगितली. काही लपवलं नाही.

शंतनु म्हणाला, "मला कोट आठवतो. मी ओढला होता. डेक नाही आठवत. मला त्या विंटरचं एकच आठवतं, तू मला रात्री पाढे म्हणून दाखवायचीस, कारण मला झोप यायची नाही. सत्ताविसापर्यंत जायचीस."

"एकोणतीस," ऊर्मी म्हणाली. "मी पण ऐकायचे."

मिलिंदला तर काहीच आठवत नव्हतं. तो म्हणाला, "म्हणजे तुम्ही दोघी पस्तीस वर्षं हे घेऊन बसला होतात, आणि ज्याला थंडी वाजली त्याला पत्ताच नाही?" आणि असा काही चेहरा केला की ऊर्मी आधी हसली, मग शंतनु, मग नीलिमाही, डोळे पुसत पुसत.

दुसऱ्या दिवशी तिने मॉरीनला फोन केला. सगळं सांगितलं नाही, एवढंच म्हणाली, की त्या दोन वाक्यांसाठी तिचे फार आभार. मॉरीन म्हणाली, "वाक्यं माझी कुठे? फार जुनी आहेत ती." नीलिमा म्हणाली, "असतील. पण तू ती परत आत घेतलीस." आणि वाटीभर श्रीखंड घेऊन ती मॉरीनच्या घराकडे चालू लागली. बर्फ बहुतेक वितळलं होतं, रस्ता ओला होता, म्हणून ती सावकाश, कडेकडेने चालली.